ग्राइंडर, ड्रिल आणि एक्स्टेन्शन बोर्ड: विजेचा शॉक कसा टाळावा, लागल्यास काय करावे?

लोणावळा-खंडाळा भागात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्यामुळे मे-जूनमध्ये मावळात पत्रे बदलणे, शेड उभारणे, बंगल्यांची डागडुजी अशी कामे घाईने उरकली जातात. अंगणात एक्स्टेन्शन बोर्ड ओढून ड्रिल, ग्राइंडर किंवा टाइल कटर चालवला जातो. पहिल्या सरींनंतरही काम उरले असेल, तर धोका बराच वाढतो.

ओल्या हाताला शॉक जास्त का लागतो?

कोरडी त्वचा विजेला बराच अडथळा करते. त्वचा भिजली की शरीराचा अडथळा सुमारे १००० ओहमपर्यंत खाली येऊ शकतो. घरातली वीज २३० व्होल्टची असते, म्हणजे अशा वेळी शरीरातून सुमारे २३० मिलिअँपिअर करंट जाऊ शकतो. साधारण १० मिलिअँपिअरलाच हाताचे स्नायू आखडतात आणि पकडलेले मशीन सोडता येत नाही. ५० ते १०० मिलिअँपिअरला हृदयाची लय बिघडून रक्ताभिसरण थांबू शकते.

“घरात एमसीबी आहे, मग भीती कशाची?”

हा समज धोक्याचा आहे. एमसीबी वायरिंगचे रक्षण करतो, माणसाचे नाही. १६ अँपिअरचा एमसीबी म्हणजे १६,००० मिलिअँपिअर. माणसाचा जीव जाईल एवढ्या करंटला तो पडणारच नाही. माणसासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. वीज गळू लागताच तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. त्यावरचे टेस्ट बटण अधूनमधून दाबून पाहा; आरसीसीबी पडला नाही तर वायरमनला बोलवा. मात्र फेज आणि न्यूट्रल दोन्हींना एकाच वेळी स्पर्श झाला, तर आरसीसीबीही वाचवेलच असे नाही.

काम सुरू करण्यापूर्वी

- वायरची उघडी टोके काडी खोचून सॉकेटमध्ये बसवू नका. प्लग लावूनच मशीन चालवा.
- तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन तोडू नका. सॉकेटला खरोखर अर्थिंग आहे ना, हे वायरमनकडून तपासून घ्या.
- सोललेली, टेप मारलेली किंवा जोड दिलेली वायर वापरू नका.
- बोर्ड जमिनीवर किंवा पाण्यात ठेवू नका. एका बोर्डाला दुसरा बोर्ड जोडू नका.
- गुंडाळीची वायर पूर्ण उलगडा. गुंडाळलेली वायर जड मशीन चालवताना तापते.
- पायात कोरडे, रबरी तळाचे बूट हवेत. पाऊस आला की काम थांबवा.
- ब्लेड किंवा ड्रिलबिट बदलण्यापूर्वी प्लग काढा. नुसता स्विच बंद करणे पुरेसे नाही.

कोणाला शॉक लागल्यास

१. त्या व्यक्तीला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा किंवा प्लग काढा. ते शक्य नसेल तर स्वतः कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडी काठीने वायर दूर करा. हे फक्त घरातल्या विजेसाठी आहे. विजेच्या खांबावरची तार तुटली असेल तर जवळही जाऊ नका.
२. १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा.
३. व्यक्ती बेशुद्ध असेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाब द्या. दाब ५ ते ६ सेंटिमीटर खोल आणि मिनिटाला १०० ते १२० वेळा हवा. मदत येईपर्यंत थांबू नका.
४. भाजलेल्या जागेवर टूथपेस्ट, हळद किंवा तेल लावू नका. वीजपुरवठा तुटल्यावर ती जागा वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटे धरा.

“आता बरे वाटते” तरी डॉक्टरांकडे कधी जावे?

चक्कर, बेशुद्धी, छातीत दुखणे, धडधड, हातापायांत मुंग्या किंवा अशक्तपणा यांपैकी काहीही असेल, तर त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन ईसीजी काढा. गर्भवती महिला आणि हृदयरोगी यांनी लक्षणे नसली तरी तपासणी करून घ्यावी. विजेने भाजलेली जखम वरून लहान दिसते, पण आत खोलवर इजा झालेली असू शकते. लघवी गडद तपकिरी झाली, तर स्नायूंना मार बसून मूत्रपिंडांवर ताण येत असल्याची शक्यता असते. अशा वेळी सकाळपर्यंत वाट पाहू नका. भाजलेले असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दलही डॉक्टरांना विचारा.