रोमन नाण्यावर दोन खंजीर का होते?

इ.स.पू. ४४, १५ मार्च. रोममध्ये सिनेटच्या बैठकीत ज्युलियस सीझरची हत्या झाली. दोनच वर्षांत या हत्येचं चित्र चांदीच्या नाण्यावर आलं. ते नाणं पाडणारा होता कटाचा एक सूत्रधार, ब्रूटस.

डिनेरियस म्हणजे काय?

कार्थेजविरुद्धचं दुसरं युद्ध सुरू असताना, इ.स.पू. २११ च्या सुमारास रोमने डिनेरियस हे चांदीचं नाणं आणलं. वजन साधारण साडेचार ग्रॅम. एका बाजूला शिरस्त्राण घातलेली रोमा देवी, दुसऱ्या बाजूला घोड्यावर स्वार झालेले कॅस्टर आणि पोलक्स हे जुळे देव. पुढे टांकसाळीचे अधिकारी आपल्या पूर्वजांचे पराक्रमही नाण्यांवर दाखवू लागले. जिवंत माणसाचा चेहरा मात्र टाळला जायचा, कारण ती राजेशाहीची खूण होती.

सीझरने काय बदललं?

इ.स.पू. ४४ च्या सुरुवातीला रोममध्ये पाडलेल्या नाण्यांवर सीझरचा चेहरा झळकला. तो राजा होऊ पाहतोय, या विरोधकांच्या संशयाला त्यामुळे बळ मिळालं.

ब्रूटसच्या नाण्यावर काय आहे?

दोन खंजीर म्हणजे हत्येची शस्त्रं. मधली टोपी 'पिलियस'. गुलामाला मुक्त केल्यावर ती त्याला घातली जायची. खाली 'आयड मार' ही अक्षरं, म्हणजे 'मार्चच्या इड्स', अर्थात १५ मार्च. थोडक्यात संदेश असा, की हा खून नव्हता, रोमची गुलामीतून सुटका होती.

हे नाणं ब्रूटसच्या सैन्याबरोबरच्या टांकसाळीत पाडलं गेलं. सैनिकांचा पगार नाण्यांत व्हायचा, त्यामुळे ते ज्यांच्या हातात पडायचं त्यांनाच लढायचं होतं. आणि उलट बाजूला? तिथे खुद्द ब्रूटसचा चेहरा!

इ.स.पू. ४२ मध्ये फिलिपीच्या लढाईत हरल्यावर ब्रूटसने आत्महत्या केली. नाण्यांवरच्या चित्रांची ही लढाई शेवटी सीझरचा वारस ऑक्टेव्हियनने जिंकली. इजिप्त ताब्यात आल्यावर त्याने इ.स.पू. २८ मध्ये डिनेरियसवर मगर कोरली आणि सोबत लिहिलं, 'इजिप्त जिंकला'. पुढे तोच सम्राट ऑगस्टस झाला, आणि नाण्यावर सत्ताधाऱ्याचा चेहरा असणं हा नियमच बनला.

भारताशी काय संबंध?

ऑगस्टस आणि टायबेरियस यांचे डिनेरियस व्यापारातून दक्षिण भारतात आले. तिथे त्यांचे साठे सापडले आहेत. संस्कृतमधला 'दीनार' आणि आजच्या कुवेत, इराकचा 'दिनार' हे दोन्ही शब्द डिनेरियसवरूनच आले.