‘न पटणारी गोष्ट’ आणि ‘कुंकू’

पौषांतील रात्र, अंगावर घोंगडी आणि हातांत ना. ह. आपटे यांची १९२३ सालची ‘न पटणारी गोष्ट’, असा योग यंदां आला. दुसऱ्याच रात्रीं, तीवरून ‘प्रभात’नें १९३७ सालीं काढलेला ‘कुंकू’ घरच्या मंडळींसह पुन्हां पाहिला. ग्रंथ सरस कीं बोलपट, हा वाद रसिकांनीं घालावा. माझें लक्ष मधल्या चौदा वर्षांकडे गेलें.

जरठ-कुमारी विवाहाचा प्रश्न देवलांनीं १८९९ सालींच ‘शारदे’च्या रूपानें रंगभूमीवर आणला होता. परंतु शारदा सुटते ती सगोत्रतेच्या आधारानें, स्वतःच्या नकारानें नव्हे! १९२९ च्या सारडा कायद्यानें वधूचें किमान वय १४ ठरविलें. वराच्या उतारवयाविषयीं तो मुकाच राहिला. शांतारामांच्या नीरेचें तर लग्न लागून गेलेलें. शास्त्र नाहीं, कायदा नाहीं. ती नुसती ‘नाहीं’ म्हणते. हा नकार कादंबरीकाराला शब्दांनीं पटवून द्यावा लागतो. पडद्यावर शांता आपटे यांची नजर पुरते. पार्श्वसंगीताचाहि टेकू दिग्दर्शकानें घेतलेला नाहीं. घड्याळाचे ठोके तेवढे ऐकूं येतात, आणि केशवराव दात्यांचे काकासाहेब आपलें वय लपवूं पाहतात.

हिंदी आवृत्तीचें नांव ‘दुनिया न माने’. मूळ नांव असें परत आलें खरें, पण न पटण्याचा दोष दुनियेच्या माथीं गेला!

काकासाहेबांच्या आत्महत्येचा शेवट घरच्यांना पटला. मला तो प्रथम पळवाट वाटला. परंतु मुंबई प्रांतांत हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा कायदा मिळाला १९४७ सालीं. १९३७ सालीं नीरेला सोडवावयाचें, तर कथाकाराच्या हातीं दुसरें काय होतें?