द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर

द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर हा *स्टार ट्रेक* या अमेरिकन विज्ञानकथा दूरचित्रवाणी मालिकेच्या पहिल्या पर्वातील २८वा भाग आहे. हार्लन एलिसन लिखित आणि जोसेफ पेव्हनी दिग्दर्शित हा भाग ६ एप्रिल १९६७ रोजी एनबीसी वाहिनीवरून प्रथम प्रसारित झाला.

कथानक

औषधाच्या अतिमात्रेने भ्रमिष्ट झालेला डॉ. मॅककॉय कालद्वारातून भूतकाळात शिरतो आणि इतिहास बदलून एंटरप्राइझ हे अंतराळयान नाहीसे होते. त्याला रोखण्यासाठी कॅप्टन कर्क व स्पॉक महामंदीच्या काळातील, १९३० सालच्या न्यू यॉर्कमध्ये पोहोचतात. तेथे गरिबांसाठी अन्नछत्र चालवणाऱ्या ईडिथ कीलरवर (जोन कॉलिन्स) कर्कचे प्रेम जडते. ती अपघातातून वाचल्यास तिच्या शांतता चळवळीमुळे अमेरिका महायुद्धात उशिरा उतरेल आणि नाझी जर्मनी विजयी होईल, असे स्पॉकला आढळते. तिचा विचार योग्य असला, तरी त्याची वेळ आलेली नसते. अखेर तिला वाचवण्यास धावलेल्या मॅककॉयला कर्क स्वतःच अडवतो.

पुरस्कार

या भागास १९६८चा ह्यूगो पुरस्कार मिळाला. प्रसारणापूर्वी इतरांनी पटकथेत केलेले बदल एलिसन यांना मान्य नव्हते. त्यांच्या मूळ पटकथेस अमेरिकन पटकथालेखक संघटनेचा पुरस्कार लाभला.