हलव्याचा काटा

इ. स. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांची छावणी ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेस स्थिरावली आणि तिच्यातूनच ‘लष्कर’ हे शहर उभे राहिले. छावणीतील सरदार-कारकुनांच्या हकिकती दप्तरांत आढळतात. त्यांच्या घरच्या स्त्रियांनी देशावरची कोणती हातोटी जपली, हे मात्र संक्रांतीच्या दिवसांतच दिसते.

हलवा करणे हे सोशिकपणाचे काम. मंद शेगडीवरील परातीत तीळ वा खसखस घ्यावी, साखरेचा पाक थेंबाथेंबाने सोडावा आणि बोटांनी दाणे सतत फिरवीत राहावे. हवा थंड व कोरडी असली म्हणजे काटा चांगला फुलतो. इकडची पौषातली थंडी पुण्याहून कडक, त्यामुळे ही कला येथे सुखाने नांदली. हेच दाणे दोऱ्यात गुंफून नव्या सुनेसाठी मंगळसूत्र, तन्मणी, बाजूबंद होत; बोरन्हाणाच्या बाळासाठी मुकुट होई आणि काळ्या कापडाचे झबले घरीच शिवले जाई. ग्वाल्हेर-मुरैन्याची गजकही तिळगुळाच्या ताटात येऊन बसली.

१९४८ मध्ये ग्वाल्हेर संस्थान मध्य भारतात विलीन झाले. आमच्या घरांतून मोडी गेली, बोलण्यात हिंदी मिसळली. हलवा टिकला, कारण तो आजीशेजारी बसून शिकता येत होता. आज तयार दागिने मिळतात, ते सुबकही असतात. परंतु ते शेजारी बसणे विकत मिळत नाही. येत्या संक्रांतीस वाटीभर खसखशीचा तरी हलवा मुलानातवंडांना जवळ घेऊन करावा, एवढेच आमचे सांगणे आहे.