कोलनचे अपुरे देऊळ

लहानपणी ताप चढला की आई माझ्या कपाळावर कोलनवॉटरच्या घड्या ठेवी. कोलन हे जर्मनीतल्या एका शहराचे नाव आहे, हे मला मंडळींबरोबर युरोपच्या सहलीला गेले तेव्हा कळले! ह्यांना हसू आवरेना. पण भगिनींनो, सातवीत शाळा सुटलेल्या बाईला हे कोण सांगणार?

ऱ्हाईन नदीच्या काठी बस थांबली. सहलीच्या बाईंनी बजावले, "एक तासात सगळे आटोपा." समोर ते कॅथेड्रल, म्हणजे तेथल्या बिशपचे मुख्य देऊळ. काळेकभिन्न, दोन शिखरांचे, १५७ मीटर उंच. बाकीच्या जणी फोटो काढून दुकानांकडे वळल्या. माझा गुडघा दुखत होता, म्हणून मी आत बाकावर टेकले आणि तेथल्या माहिती सांगणाऱ्या बाईंचे ऐकत राहिले. घरी आल्यावर लेकीकडून आणखी वाचून घेतले.

बाळ येशूच्या दर्शनाला गेलेल्या तीन राजांच्या म्हणून मानलेल्या अस्थी ११६४ साली मिलानहून येथे आणल्या. यात्रेकरूंची रीघ लागली. १२४८ साली या मोठ्या देवळाचा पाया घातला. गाभाऱ्याकडचा भाग १३२२ साली पुरा झाला. पुढे पैसा आटला, उत्साह ओसरला आणि १५६० च्या सुमारास काम थांबले. दक्षिणेचे शिखर निम्म्यावरसुद्धा आले नव्हते. त्याच्या माथ्यावर दगड चढवायची लाकडी यारी होती, ती तशीच राहिली. तीनशे वर्षे!

मला त्या यारीचेच नवल वाटते. वडील गेले त्या वर्षी "पुढच्या वर्षी पाहू" म्हणत माझी शाळा सुटली. पण माझ्या पुस्तकांची ट्रंक आईने माळ्यावरून कधी काढू दिली नाही. रद्दीवाला दारात आला की म्हणे, "ती नको हो."

दर्शनी बाजूचा जुना नकाशाही दोन तुकडे होऊन नाहीसा झाला होता. एक तुकडा १८१४ साली डार्मस्टाट गावी मिळाला, दुसरा १८१६ साली पॅरिसला. १८४२ साली काम पुन्हा सुरू झाले. प्रशियाच्या राजाने पैसे दिले, पण तेवढ्याने काय होणार? तेव्हा गावकऱ्यांनी चक्क मंडळ काढले, वर्गणी गोळा केली, पुढे लॉटरीही काढली. वर्गणी मागणे म्हणजे काय, हे आपल्या खजिनदारबाईंना विचारा! १८६८ साली यारी उतरली आणि १८८० साली, म्हणजे ६३२ वर्षांनी, देऊळ जुन्या नकाशाबरहुकूम पुरे झाले. चार वर्षे ती जगातली सर्वांत उंच इमारत होती.

दुसऱ्या महायुद्धात देवळावर चौदा बॉम्ब पडले. भोवतालचे शहर बेचिराख झाले, पण शिखरे उभी राहिली. दुरुस्ती मात्र कायमचीच. वारा-पावसाने दगड झिजतो, म्हणून देवळाचे स्वतःचे पाथरवट, काचकाम करणारे असे कारागीर आहेत. १९९९ साली त्या सर्वांवर मुख्य म्हणून प्रथमच एक बाई आली, बार्बारा शॉक-वेर्नर. २०१२ पर्यंत तिने ते काम पाहिले.

बाहेर आले तेव्हा एका अंगाला परांची बांधलेली होती. वर कोणी काम करते आहे का, हे पाहायला मान वर केली, तोच आमच्या सहलीच्या बाईंची शिट्टी वाजली.