तंबाखूचा पगार आणि ब्रूटनचं चर्च

मंडळी, आपल्यातल्या बऱ्याच घरांतली मुलं अमेरिकेच्या पूर्वेकडे स्थायिक आहेत. आई-वडील तिकडे गेले की एखाद्या शनिवार-रविवारी त्यांना विल्यम्सबर्ग दाखवायला नेतात. व्हर्जिनियातलं छोटंसं गाव. जुनी घरं, घोडागाड्या, अठराव्या शतकातले कपडे घालून फिरणारी माणसं. फोटो काढून सगळे परत येतात. मधल्या मोठ्या रस्त्यावर विटांचं एक चर्च आहे, ब्रूटन पॅरिश चर्च, त्याच्यासमोर मात्र फार कोणी थांबत नाही. आज लिहायचंय ते त्याच्याबद्दल. आपण परमुलखात राहून देवळं, मंडळं, उत्सव चालवणारी माणसं. राजाश्रय असताना संस्था कशी चालते आणि तो गेल्यावर तिचं काय होतं, हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

ब्रूटन पॅरिश १६७४ साली झाली, दोन लहान पॅरिश एकत्र करून. नाव इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातल्या ब्रूटन गावावरून. तेव्हाचे गव्हर्नर सर विल्यम बर्कली तिकडचे. पहिलं विटांचं चर्च १६८३ मध्ये पुरं झालं. १६९९ मध्ये व्हर्जिनिया वसाहतीची राजधानी विल्यम्सबर्गला आली आणि ते चर्च अपुरं पडू लागलं. आज उभी आहे ती इमारत १७१५ सालची, नकाशा खुद्द गव्हर्नर अलेक्झांडर स्पॉट्सवूड यांचा, आकार क्रुसासारखा. मनोरा १७६९ मध्ये चढला. कॉलेजातली पोरं वर गॅलरीत बसत, आणि प्रवचन लांबलं की लाकडावर आपली आद्याक्षरं कोरत. ती अक्षरं अजून आहेत. पोरं सगळीकडची सारखीच!

हे तेव्हा सरकारी चर्च होतं, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंड. हजर राहणं कायद्याने सक्तीचं. कारभार बारा जणांच्या कमिटीकडे, तिला व्हेस्ट्री म्हणत. जागा रिकामी झाली की उरलेले सभासदच नवा माणूस घेत, त्यामुळे त्याच त्या बड्या घराण्यांचा गोतावळा. (कोणाला काही आठवलं तर मी जबाबदार नाही.) पण व्हेस्ट्रीचं काम पूजाअर्चेपुरतं नव्हतं. गोरगरिबांना मदत, अनाथ पोरांची सोय, आणि दर चार वर्षांनी जमिनींच्या हद्दीवरून चालत जाऊन खुणा पक्क्या करणं, हेही तिच्याकडेच. आपल्याकडच्या पाटील-कुलकर्ण्यांचं निम्मं काम म्हणा ना.

आता पैशाकडे येतो, कारण माझा जीव तिथे रमतो. वसाहतीत रोकड कमी, म्हणून तंबाखू हेच चलन. कायद्याने पाद्रीसाहेबांचा वार्षिक पगार १६,००० पौंड तंबाखू. हा पौंड वजनाचा, पैशाचा नव्हे. पीक भरपूर आलं की भाव पडे आणि पगाराची किंमत घसरे. तेव्हा पाद्र्यांनी मुकाट सोसायचं. १७५८ मध्ये पीक बुडालं, भाव पौंडाला सहा पेन्सच्या आसपास गेला. लगेच विधिमंडळाने कायदा केला की तंबाखूतलं देणं पौंडाला दोन पेन्स या दराने रोखीत फेडावं. हिशेब करून बघा. सहा पेन्सने १६,००० पौंडांचे ४०० स्टर्लिंग होतात, दोन पेन्सने जेमतेम १३३. भाव पडला तर तुझं नशीब, चढला तर आमचा कायदा. कुठल्याही ऑडिटरने लाल शाईने शेरा मारला असता.

पाद्री थेट लंडनपर्यंत गेले आणि राजाने तो कायदा नामंजूर केला. त्याच्या जोरावर जेम्स मॉरी नावाच्या पाद्र्याने हॅनोव्हर काउंटीत फरकासाठी दावा लावला. १७६३ च्या डिसेंबरात समोरून उभा राहिला तरुण वकील पॅट्रिक हेन्री. लोकांच्या प्रतिनिधींनी केलेला कायदा रद्द करणारा राजा कोण, असा त्याचा सूर. ज्यूरीने नुकसानभरपाई दिली : एक पेनी. स्वातंत्र्ययुद्धाच्या इतिहासात या खटल्याला मोठा मान आहे. माझं मत विचाराल तर हिशेबाने मॉरीची बाजू खरी होती. पण हवा राजाच्या विरुद्ध होती आणि पाद्री राजाच्या बाजूचा ठरला. सरकारी आश्रयाची ही दुसरी बाजू. लोकांचा राग सरकारवर असतो, निघतो मात्र तुमच्यावर.

गंमत म्हणजे त्याच चर्चमध्ये पुढे राजाविरुद्धची प्रार्थना झाली. बॉस्टन बंदर बंद करण्याचा हुकूम आला, तेव्हा १ जून १७७४ हा उपासाचा आणि प्रार्थनेचा दिवस पाळायचं विधिमंडळाने ठरवलं. ठराव मांडणारे रॉबर्ट कार्टर निकोलस, वसाहतीचे खजिनदार आणि चर्चच्या व्हेस्ट्रीचे सभासद. गव्हर्नर डनमोर यांनी चिडून विधिमंडळच बरखास्त केलं. तरी ठरल्या दिवशी मंडळी मिरवणुकीने ब्रूटनला गेली. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या रोजनिशीत त्या दिवशी चर्चला गेल्याची आणि दिवसभर उपास केल्याची नोंद आहे. जेम्स टार्प्ली या व्यापाऱ्याने १७६१ मध्ये दिलेली घंटा पुढे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यालाही वाजली.

इथे एक आपल्याकडचा धागा. १७८१ च्या जूनअखेरीस लॉर्ड कॉर्नवॉलिस याच गावात मुक्कामाला होता, आणि ऑक्टोबरात इथून जवळच यॉर्कटाउनला त्याच्या फौजेने शरणागती पत्करली. हाच कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी गव्हर्नर-जनरल होऊन हिंदुस्थानात आला, आणि १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात हरिपंत फडके यांच्या शेजारी त्याची छावणी पडली होती.

स्वातंत्र्याने चर्चचं कंबरडं मोडलं. पाद्र्यांचा सरकारी पगार थांबला, १७८० मध्ये राजधानी रिचमंडला गेली, १७८६ मध्ये धर्मस्वातंत्र्याचा कायदा आला. १८०२ च्या कायद्याने चर्चच्या उत्पन्नाच्या जमिनीही, पाद्रीची जागा रिकामी झाली की, विकायला निघाल्या. त्याहून अवघड प्रश्न बिशपचा. दीक्षा द्यायला बिशप हवा, तो नेमायचा तर इंग्लंडमध्ये राजनिष्ठेची शपथ घ्यावी लागे. ती आता घेणार कोण? कनेटिकटच्या सॅम्युएल सीबरी यांनी १७८४ मध्ये स्कॉटलंडच्या ॲबर्डीनमध्ये अभिषेक करून घेतला, तिथे शपथेची अट नव्हती. पुढे इंग्लंडनेही कायदा बदलला. विल्यम्सबर्गच्या कॉलेजचे अध्यक्ष जेम्स मॅडिसन (राष्ट्राध्यक्ष मॅडिसन यांचे चुलतभाऊ) १७९० मध्ये व्हर्जिनियाचे पहिले बिशप झाले. राजा वगळून बिशप ठेवणारं हे चर्च, म्हणून नाव एपिस्कोपल. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ देखरेख करणारा.

नंतरची शंभर वर्षं ओढाताणीची. १८४० च्या सुमारास आत भिंत घालून चर्चचे दोन भाग केले, जुना उंच प्रवचनमंच काढला. १८६२ मध्ये यादवी युद्धातले जखमी सैनिक इथे आणून ठेवले. १९०३ मध्ये रेव्हरंड गुडविन आले. वर्गणी जमवून त्यांनी भिंत पाडली आणि १९०७ पर्यंत चर्च जुन्या रूपात आणलं. राजा सातवा एडवर्ड यांनी बायबल भेट दिलं, राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ते ठेवायचं व्यासपीठ. गुडविन तेवढ्यावर थांबले नाहीत. १९२६ मध्ये त्यांनी धनाढ्य जॉन रॉकफेलर धाकटे यांना अख्खं गाव पूर्ववत करायला तयार केलं. खरेदीदाराचं नाव गुप्त ठेवून घरं घेतली जात होती. भाव चढू नयेत म्हणून. १९२८ च्या जूनमध्ये गावसभेत नाव फुटलं. पाद्रीबुवा पक्के व्यवहारी! त्यांचं दफनही याच चर्चच्या फरशीखाली आहे.

पण गाव ‘पूर्ववत’ करताना कोणतं पूर्व निवडलं, हा प्रश्न उरतोच. तंबाखू पिकवणारे हात गुलामांचे होते. पॅरिशची पट्टी डोईमागे बसे : गोरे पुरुष सोळा वर्षांपुढचे, आणि गुलाम असतील तर पुरुष-बायका दोन्ही. म्हणजे कर मोजताना गुलाम बाई मोजली जाई. ब्रूटनच्या बाप्तिस्म्याच्या वहीत शेकडो गुलामांच्या नोंदी आहेत, बहुतेक नुसतं पहिलं नाव आणि मालकाचं नाव. बेनिफिशियरीचं आडनाव नाही, खातं मात्र मालकाच्या नावाने, असली ही वही. १७६० मध्ये बेंजामिन फ्रँकलिन यांच्या सूचनेवरून काळ्या मुलांसाठी ब्रे स्कूल निघालं. ॲन वेजर ही शिक्षिका, आणि देखरेख बराच काळ त्याच निकोलसांची. चौदा वर्षांत तीनेकशे मुलं तरी शिकली असतील. वाचायला शिकवायचं आणि त्याच धड्यांतून मालकाची आज्ञा पाळायलाही शिकवायचं, असा तो दुहेरी कारभार.

यातल्याच काहींनी स्वतःची प्रार्थना उभी केली. १७७६ पासून परंपरा सांगणाऱ्या काळ्या बाप्टिस्ट मंडळीचा पुढारी गोवन पॅम्फ्लेट, गावातल्या एका खाणावळीत राबणारा गुलाम. १७९३ मध्ये त्यांना बाप्टिस्ट संघटनेत प्रवेश मिळाला तेव्हा सभासद पाचशेच्या घरात होते. नॅसो स्ट्रीटवरचं त्यांचं विटांचं चर्च १८५६ सालचं. गावच्या पुनर्बांधणीत ते ‘वसाहतकाळातलं नाही’ म्हणून विकत घेतलं गेलं आणि १९५५ मध्ये पाडलं. पुढे त्या जागेवर गाड्या उभ्या राहत. २०२० मध्ये तिथे उत्खनन सुरू झालं. पाया सापडला, साठाहून जास्त कबरी सापडल्या, आणि तपासलेल्या तीन जणांचे अवशेष आफ्रिकी वंशाच्या माणसांचे असल्याचं २०२३ मध्ये डीएनएवरून नक्की झालं. त्याच वर्षी फेब्रुवारीत ब्रे स्कूलची मूळ लाकडी इमारत, जी कित्येक वर्षं कॉलेजची एक साधी कचेरी समजली जात होती, अख्खीच्या अख्खी गाडीवर चढवून गावाच्या जुन्या भागात आणली. तुम्ही गेलात तर ब्रूटनपासून नॅसो स्ट्रीटची जागा पायी काही मिनिटांवर आहे. मुलांना सांगा, घोडागाडी नंतर.