कोळशाच्या मोटारीपासून विजेच्या दुचाकीपर्यंत : इंधन बदलते तेव्हा काय बदलते?

१/ कसबा पेठेच्या जमिनीखालून आज विजेवर मेट्रो धावते. येथील भुयारी स्थानक २९ सप्टेंबर २०२४ रोजी खुले झाले. वर, अरुंद आळ्यांतून, सीएनजी रिक्षा, पेट्रोलच्या स्कूटर आणि विजेच्या दुचाक्या एकमेकींना वाट देत असतात. पर्यायी इंधनाचा प्रश्न आपल्याला नवा वाटतो. प्रत्यक्षात तो किमान ऐंशी वर्षे जुना आहे. त्याविषयी हा धागा.

२/ दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, भारतात पेट्रोलचे रेशनिंग आले. एप्रिल १९४२ मध्ये जपानी सैन्य जवळ येताच ब्रिटिशांनी ब्रह्मदेशातील येनानजाँगच्या तेलविहिरी स्वतःच उद्ध्वस्त केल्या. भारताचा जवळचा तेलसाठा हातचा गेला. मग बस आणि मालमोटारींना लोखंडी भट्ट्या जोडल्या गेल्या.

३/ या भट्टीत लाकडी कोळसा अपुऱ्या हवेत जाळीत. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड व थोडा हायड्रोजन थंड करून, गाळून इंजिनात सोडीत. इंजिन पेट्रोलचेच, इंधन मात्र रानातले.

४/ या वायूचा सुमारे निम्मा भाग निरुपयोगी नायट्रोजनचा. त्यामुळे इंजिनाची शक्ती बरीच घटे आणि चढावर गाडी दमे. निघण्यापूर्वी भट्टी पेटवून ताटकळावे लागे. राख काढणे, गाळण्या झाडणे आणि विषारी वायूपासून जपणे हे सारे चालक व क्लीनरच्या माथी. युद्धानंतर पेट्रोल पुन्हा मिळू लागले आणि भट्ट्या उतरल्या. टंचाईने आणलेले इंधन टंचाईबरोबरच गेले.

५/ सीएनजीची कथा निराळी. २००६ मध्ये गेल व भारत पेट्रोलियम यांच्या भागीदारीतून महाराष्ट्र नॅचरल गॅस ही कंपनी स्थापन झाली. नळ टाकले गेले, पंप उभे राहिले. म्हणून हे इंधन टिकले. तरीही सुमारे २०० बार दाबाची टाकी जागा खाते, आणि पंपावरच्या रांगेत गेलेला तास रिक्षाचालकाच्या कमाईतून वजा होतो.

६/ उसाच्या मळीपासूनचे इथेनॉलही जुनेच. पॉवर अल्कोहोलचा केंद्रीय कायदा १९४८ सालीच झाला होता. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असते. मात्र ते पेट्रोलमध्ये मिसळून त्याच पंपावर विकता येते. हीच त्याची खरी ताकद.

७/ ऊर्जेच्या वापरात विजेची मोटर सर्वांत सरस. पेट्रोल इंजिनात बहुतांश ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. विजेच्या मोटरीत फारच थोडी. परंतु पेठेतल्या जुन्या वाड्यात बिऱ्हाडे अनेक, अंगण एकच. चार्जिंगची वायर कोणाच्या मीटरवरून काढायची? भाडेकरूने की मालकाने? गाडी रस्त्यावर लावणाऱ्याने काय करावे?

८/ इंधनांची तुलना करताना आपण किंमत, धूर आणि मायलेज पाहतो. इतिहास त्या तक्त्यात आणखी एक रकाना जोडतो : बदलाचा वेळ, जागा आणि कष्ट कोणाच्या वाट्याला येतात? कोळशाच्या भट्टीने तो भार क्लीनरवर टाकला. विजेच्या गाडीने तो भाडेकरूवर टाकू नये, याची तजवीज आजच करावी लागेल.

९/ आपल्या घरातील वडीलधाऱ्यांनी कोळशाच्या मोटारींच्या आठवणी सांगितल्या असतील, तर खाली अवश्य लिहा. अशा आठवणी क्वचितच दफ्तरात सापडतात.